काफेबाबेल : सहा भाषांत वाढलेले एक नियतकालिक

श्रोतेहो, नमस्कार.

यजमानाचा निरोप न घेता हळूच निसटणाऱ्या पाहुण्याबद्दल आपण मराठीत म्हणतो, की त्याने काढता पाय घेतला. इंग्रज अशा वेळी म्हणतो, की त्याने फ्रेंच रजा घेतली. फ्रेंच माणूस नेमके उलट म्हणतो: तो इंग्रजी रीतीने निसटला. इटालियन आणि पोलिश भाषाही इंग्रजालाच बोल लावतात, तर स्पॅनिश भाषा फ्रेंचांकडे बोट दाखवते. आता समजा, हा वाक्प्रचार एका फ्रेंच लेखात आला आहे आणि तो लेख तुम्हाला स्पॅनिशमध्ये न्यायचा आहे. शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. इंग्रजाला उठवून त्याच्या जागी फ्रेंच माणसाला बसवावे लागते, आणि लेख मुळात इंग्रजांविषयीच असला तर सगळी ओळ मोडून नव्याने बांधावी लागते. अशा गाठी बिनपगारी सोडवत बसणाऱ्या तरुणांच्या बळावर युरोपात एक नियतकालिक वाढले. त्याचे नाव काफेबाबेल.

२००१ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात, तिथल्या राज्यशास्त्राच्या संस्थेत शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी ते इंटरनेटवर सुरू केले. आद्रियानो फारानो हा इटालियन तरुण संस्थापकांपैकी एक होता. हे विद्यार्थी इरॅस्मस योजनेतून आले होते. १९८७ साली सुरू झालेल्या या युरोपीय योजनेत विद्यार्थी काही महिने ते एक वर्ष दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकतो, यजमान विद्यापीठ त्याच्याकडून वेगळे शुल्क घेत नाही, आणि तिथला अभ्यास मायदेशी मोजला जातो. पहिल्या वर्षी अवघे ३,२४४ विद्यार्थी या वाटेने गेले होते. ही मंडळी स्ट्रासबर्गला आली तोवर अशा तरुणांची एक पिढीच तयार झाली होती, जिचे मित्र एका देशात, वर्ग दुसऱ्या देशात आणि आई-वडील तिसऱ्या देशात होते. वर्तमानपत्रे मात्र आपापल्या सरहद्दीच्या आतच लिहीत होती. डिसेंबर २००० मध्ये नीस शहरात युरोपीय संघाच्या नेत्यांची परिषद झाली आणि संघाच्या निर्णयांत कोणत्या देशाला किती मते, यावरून तिथे दिवसरात्र ओढाताण चालली. प्रत्येक देशाची वृत्तपत्रे त्या परिषदेकडे आपल्या पदरात काय पडले याच हिशेबाने पाहणार, हे उघड होते. साऱ्या युरोपाच्या पदरात काय पडले हे विचारायला जागाच नव्हती, आणि ती जागा असावी असे या विद्यार्थ्यांना वाटले.

नावातच त्यांचा विचार आहे. बायबलातल्या बाबेलच्या मनोऱ्याच्या कथेत माणसांच्या भाषा वेगळ्या होणे ही आकाशाला भिडणारा मनोरा बांधू पाहिल्याची शिक्षा आहे. या मुलांनी त्या शब्दाशेजारी काफे, म्हणजे गप्पांची जागा, आणून बसवली.

यासाठी स्ट्रासबर्गपेक्षा योग्य गाव मला तरी सुचत नाही. इथेच १४ फेब्रुवारी ८४२ रोजी सम्राट शार्लमेनच्या दोन नातवांनी, चार्ल्स आणि लुडविग यांनी, सैन्यासमोर एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली, आणि ती प्रत्येकाने दुसऱ्याच्या भाषेत घेतली, कारण ती दुसऱ्याच्या सैनिकांना कळायला हवी होती. पुढे १८७१ ते १९४५ या काळात हा प्रदेश जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात चारदा इकडून तिकडे गेला. एकाच आयुष्यात, घर न बदलता, माणसाचे राष्ट्रीयत्व चार वेळा बदलले. याच गावात पुढे युरोपीय संसद भरू लागली. २००१ साली युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा अकरा होत्या, आणि संसदेत त्यांसाठी पगारी दुभाषे होते. विद्यार्थ्यांकडे होते ते फक्त एकमेकांचे कान.

मला या नियतकालिकाची सर्वांत मोलाची वाटते ती कामाची रीत. सोपा रस्ता इंग्रजीचा होता: सगळ्यांनी इंग्रजीत लिहावे आणि सगळ्यांनी इंग्रजीत वाचावे. त्यांनी तो घेतला नाही. ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहायचे. मग ती भाषा जाणणारा दुसरा कोणी तो लेख स्वतःच्या मातृभाषेत आणणार आणि त्या भाषेचा संपादक तो तपासणार. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, इटालियन, स्पॅनिश आणि पोलिश अशा सहा भाषांत अंक उभा राहिला. अनुवाद करणारी मंडळी बहुतेक स्वयंसेवक होती, आणि वाढीचे खरे कारण मला इथेच दिसते. वाचक म्हणून आलेली मुलगी एखादा लेख आपल्या भाषेत नाही म्हणून हळहळते आणि स्वतःच अनुवादाला बसते. दुसऱ्याचे वाक्य शंभरदा उलटसुलट केल्यावर तिला स्वतःलाही काही लिहावेसे वाटू लागते. असा माणूस केवळ वाचक उरत नाही.

मुख्य कचेरी पॅरिसला आली, १९०१ च्या फ्रेंच कायद्याखाली ना-नफा संस्था उभी राहिली, आणि युरोपातल्या अनेक शहरांत स्थानिक गट तयार झाले. बाहेरून वार्ताहर आला की त्या गटातले कोणी त्याला आपले शहर दाखवी. २००४ मध्ये संघात दहा नवे देश आले आणि अधिकृत भाषा वीस झाल्या. २९ मे २००५ रोजी फ्रान्सने आणि तीनच दिवसांनी नेदरलँड्सने युरोपीय राज्यघटनेचा मसुदा सार्वमताने नाकारला. ज्या तरुणांना हे नियतकालिक 'युरोजनरेशन' म्हणत असे, त्यांना तो नकार जिव्हारी लागण्यासारखा होता. पण नकार देणारा शेजारी काय म्हणतो ते थेट त्याच्या भाषेतून आपल्या भाषेत आणलेले वाचण्याची सोय अशा वेळीच कामाला येते.

पैशाची बाजू नाजूकच राहिली. युरोपीय आयोगाचे, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या यंत्रणेचे, अनुदान घेणाऱ्या पत्राने आयोगावर टीका कशी करावी, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे. शिवाय विद्यार्थी कायम विद्यार्थी राहत नाहीत. नोकरी लागली की रात्रीचा अनुवाद मागे पडतो आणि त्या जागी नव्या मुलाला शिकवून तयार करावे लागते.

तरीही एक प्रथा त्यांनी नीट पाळली. अनुवादित लेखाखाली अनुवादकाचे नाव असे, आणि त्याच्याजवळ, हा लेख कशावरून आणला ते सांगणारे, मूळ भाषेतले मूळ शीर्षक. पोलिश न येणारा वाचकही त्या एका ओळीपाशी क्षणभर थांबे, तिच्यातली अनोळखी अक्षरे पाही, आणि हे मुळात कोणी दुसऱ्याच बोलीत म्हटले आहे हे त्याच्या ध्यानात येई.