गाडीचं नाव नको, माप सांगा

(दृश्य : कुपवाड एमआयडीसीतली पत्र्याची शेड. लेथची घरघर. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला, उन्हानं फिकटलेला पिवळा प्लास्टिकचा सांगाडा.)

निवेदन :
हिला सहा चाकं आहेत आणि त्यातलं एकही डावी-उजवीकडे वळत नाही. स्टिअरिंग नाही. पाटे नाहीत, शॉकॲब्सॉर्बर नाहीत. रस्त्यावर आणायची परवानगी नाही, कारण हिची नोंदणीच होत नाही. चिखलात मात्र ही चालते, आणि पाण्यात सोडली तर तरंगते.

ॲम्फिकॅट. अमेरिकेत साठच्या दशकाच्या अखेरीस बनलेली सहाचाकी पाणगाडी. सत्तरच्या दशकातल्या एका ब्रिटिश टीव्ही मालिकेत हीच गाडी थोडा साज बदलून चक्क चंद्रावर फिरवली होती. आज ती सांगली जिल्ह्यात आहे, आणि इथं येण्याआधी तिच्यात म्हशी पाणी प्यायच्या.

(दृश्य : तळाच्या टबाचं जवळून दर्शन. ॲक्सलच्या भोकांभोवती काळं, कडक झालेलं डांबर.)

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराला जुन्या इंजिनांचा नाद आहे. एका भंगारवाल्याकडं त्यानं ही पाहिली. भंगारवाल्यानं इंजिन ॲल्युमिनियमच्या भावात लावलं, बाकी लोखंडाच्या, आणि प्लास्टिक वरकड म्हणून दिलं. आधीच्या मालकानं ॲक्सलच्या भोकांत गोणपाट कोंबून वर डांबर ओतलं होतं आणि खालचा टब हौद म्हणून वापरला होता. तसा तो काही चुकला नव्हता. जो टब बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तो आतलं बाहेरही जाऊ देत नाही.

(दृश्य : जुन्या जाहिरातींच्या धर्तीवरची रेखाटनं. दलदल, बर्फ, शिकारी.)

ही जात मूळची कॅनडाची. १९६१ साली तिथं जिगर नावाची छोटी सहाचाकी गाडी निघाली. (हो, नाव जिगरच, आपल्याकडं कुणाला सांगितलं की आधी हसतात.) पुढच्या दहा वर्षांत उत्तर अमेरिकेत अशा गाड्यांचं पेवच फुटलं. ॲटेक्स, मॅक्स, हसलर, आर्गो, ॲम्फिकॅट. शिकारीला जाणारे, दलदलीत शेती असणारे, बर्फातल्या खेड्यांत राहणारे लोक त्या घ्यायचे. १९७० साली होंडानं फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आणली. ती हलकी होती, स्वस्त होती आणि जास्त पळायची. १९७३ च्या तेलटंचाईनं उरलेली कसर भरून काढली. बहुतेक कारखाने बंद पडले. आर्गो अजून बनते.

कारखानाच गेला म्हणजे स्पेअर पार्ट गेले. आपली गोष्ट खरी इथून सुरू होते.

(दृश्य : शेडमधलं कामाचं टेबल. कॅलिपर, खडूनं लिहिलेली मापं. सत्तरीतले आबा इंजिन उघडताना.)

आबा टू-स्ट्रोकचे मिस्त्री. राजदूत, येझदी, लूना, आरएक्स, सगळ्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. हे इंजिनही टू-स्ट्रोकच : एक सिलिंडर, सोळा हॉर्सपॉवर, पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणारं.

आबा :
"अमेरिकेचं असूं दे न्हाईतर आटपाडीचं. टू-स्ट्रोक म्हणजे वारा कुठनं गळतोय ते हुडकायचं. बाकी काय नसतंय त्यात."

निवेदन :
आबांच्या या तीन वाक्यांत बरंच शास्त्र आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जात नाही. आधी ते क्रँकच्या पोकळीत, म्हणजे पिस्टनखालच्या कप्प्यात शिरतं, पिस्टन खाली आला की दाबलं जातं आणि मग वर चढतं. म्हणजे क्रँकची पोकळी हवाबंद हवी. तिच्या दोन्ही टोकांना रबरी ऑईल सील असतात. इतक्या वर्षांत ते वाळून लाकडागत कडक होतात. मग सीलच्या कडेनं फुकटची हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, त्यामुळं तेही कमी पडतं. इंजिन तापतं आणि पिस्टन धरतं. आवाज ऐकून माणूस कार्बोरेटरशी खेळत बसतो, दोष मात्र दुसरीकडंच असतो.

हे पिस्टन तर आधीच जाम होतं. डिझेल आणि ऑईल ओतून ते मुरवत ठेवलं, मग लाकडी ठोकळा लावून हळूहळू हलवलं. सिलिंडरचं बोअर वाचलं होतं, होनिंगवर, म्हणजे आतली भिंत हलकी घासून भागलं. पिस्टनच्या नव्या रिंगा जरा मोठ्या मापाच्या मिळाल्या. त्यांची तोंडं कानशीनं घासून फट बसवली. शेवटी सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं इंजिनात हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडा येतो तिथं गळती.

(दृश्य : सांगलीतलं बेअरिंग-सीलचं दुकान. काउंटरमागं छतापर्यंत खोकी.)

आता सील कुठून आणले? दुकानात जाऊन "ॲम्फिकॅटचे सील द्या" म्हटलं असतं तर दुकानदारानं चहा पाजून परत पाठवलं असतं. बागायतदारानं जुना सीलच काउंटरवर ठेवला. दुकानदारानं कॅलिपर लावला : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तीन आकडे. खोकं निघालं.

दुकानदार :
"गाडीचं नाव नको, माप सांगा. मापाला देश नसतोय."

निवेदन :
बेअरिंगचंही तेच. इंची मापाची बेअरिंग जुन्या यंत्रांमुळं इथल्या बाजारात आजही मिळतात. गिअरबॉक्सकडून सहा चाकांकडं जाणाऱ्या चेनची पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, पाच सूत (पाच अष्टमांश इंच) निघाली. ज्या जिल्ह्यात ऊस, मळणी यंत्रं आणि यंत्रमाग आहेत, तिथं पाच सुताची चेन शोधायला फार फिरावं लागत नाही. जुन्या गाडीची दुरुस्ती म्हटलं की परदेशातून मागवलेल्या पेट्या डोळ्यांसमोर येतात. इथं तशी पेटी उघडताना दिसणार नाही. या गाडीत तिचं स्वतःचं असं फार थोडं आहे. बनवणाऱ्यांनीच ती दुसऱ्या धंद्यांच्या सामानातून जुळवलेली, म्हणून ती सांगलीत पुन्हा जुळू शकली.

बेल्टच्या पुल्यांनी मात्र सगळ्यांना कोड्यात टाकलं. दोन पुल्या, दोन्हींच्या भिंती जवळ-लांब सरकणाऱ्या, मध्ये रुंद बेल्ट. क्लच नाही, गिअर बदलायचा नाही. आबांनी एकदा हातानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ही तर कायनेटिक होंडा!" १९८४ साली आलेल्या त्या स्कूटरमध्ये हीच युक्ती होती. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीच्या भिंती जवळ येतात, बेल्ट वर चढतो, गाडी वेग घेते. बेल्टही मापावरच घ्यायचा : रुंदी, लांबी आणि कडेचा कोन.

एक भाग मात्र कुठल्याच खोक्यात नव्हता. गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियमचं झाकण, तडकलेलं.

(दृश्य : फाउंड्री. वाळूचा साचा, ओतला जाणारा धातू.)

१९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. ओतकामाची या भागाला तेव्हापासूनची सवय. पण जुनं झाकण तसंच वाळूत दाबून नवं ओतलं, तर नवं लहान येतं. ॲल्युमिनियम थिजून गार होताना लांबीत शंभराला साधारण सव्वा भाग आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्यानं, म्हणजे साच्याचा नमुना बनवणाऱ्यानं, जुन्या झाकणाची तड बुजवली, त्यावर पुट्टीचे थर चढवून ते मुद्दाम फुगवलं आणि मग साचा घेतला. नंतर लेथवर बसकण काढली.

(दृश्य : टबावरच्या भेगा. हिट गन. बाजूला तुटक्या दुचाकींच्या पॅनेलचा ढीग.)

या कामातला सगळ्यात अवघड भाग इंजिन नव्हता, प्लास्टिक होतं. दोन टब, एक वर, एक खाली, कडेला जोडलेले. उन्हानं ठिसूळ झालेले आणि जागोजाग तडकलेले. पाण्याच्या टाक्या डागणारा कारागीर आला. त्यानं कोपऱ्याचा एक कपचा पेटवला. काळा धूर आणि काजळी निघाली. टाकीचं पॉलिथिन जळताना मेणबत्तीचा वास येतो, तो आला नाही.

म्हणजे हे एबीएस नावाचं कडक प्लास्टिक. टाकीचं प्लास्टिक त्याला धरणार नाही. पण दुचाकीची कितीतरी पॅनेलं एबीएसचीच असतात, आतल्या बाजूला तशी अक्षरं उठवलेली असतात. गॅरेजमागं पडलेली तुटकी पॅनेलं गोळा झाली. त्यांच्या पट्ट्या कापून भेगांत डागल्या. उरलेला चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याची खळ केली आणि बारीक भेगांत भरली. सुकली की तीही एबीएसच होते. डांबर काढताना मात्र थिनरला हात लावायचा नाही असं ठरलं होतं, कारण थिनर डांबराच्या आधी टबच मऊ करतो. ते काम रॉकेल आणि लाकडी खरवडणीनं झालं. कंटाळवाणं काम. आम्ही ते फार वेळ दाखवणार नाही.

शंभर अंशांच्या आसपास हे प्लास्टिक नरमतं, आणि सायलेन्सर त्याच्या शेजारीच. मध्ये पत्र्याचा आडोसा आणि बोटभर हवेची जागा ठेवली आहे.

(दृश्य : शेडबाहेर काळ्या रानात गाडी. सुरू झाल्याचा आवाज, निळसर धूर. बघ्यांची गर्दी.)

वळते कशी? दोन दांडे आहेत. डावा मागं ओढला की डावीकडच्या तिन्ही चाकांची ओढ सुटते आणि त्यांना ब्रेक लागतो. उजवी तीन फिरत राहतात, गाडी घसटत डावीकडं येते. रणगाडाही असाच वळतो. आबांना रणगाडा लागला नाही. "डावा बैल थोपवला की गाडी डावीकडं," एवढंच म्हणाले.

टायरमध्ये हवा फक्त दोन-तीन पौंड. मोटारीला तीस लागते. पंक्चरवाल्याचा गेज दहापासून सुरू होतो, त्यामुळं त्यानं हात टेकले. हवा हातपंपानं आणि अंगठ्याच्या अंदाजानं भरली जाते. हे मऊ टायरच शॉकॲब्सॉर्बरचं काम करतात. गाडी दोनशे किलोच्या घरातली, ते वजन सहा रुंद टायरांवर पसरतं. उभ्या माणसाच्या तळपायाखाली जेवढा दाब पडतो, त्यापेक्षा हिचा जास्त नाही. म्हणून पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात आपण घोट्यापर्यंत रुततो आणि ही वरून निघून जाते.

बघ्यांतून एक प्रश्न दर वेळी येतो.

गर्दीतला माणूस :
"हे पुरात चालतंय काय?"

(दृश्य : आयर्विन पूल. खांबावरची पाणीपातळीची पट्टी. आज कृष्णा शांत.)

निवेदन :
सांगलीत हा प्रश्न गमतीचा नाही. १९२९ च्या या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांवर धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. त्याच महिन्याच्या ८ तारखेला ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना आणणारी बोट उलटली. २००५ आणि २०२१ चे पूरही लोक विसरलेले नाहीत. म्हणून उत्तर स्पष्ट द्यायला हवं : नाही, चालत नाही.

पाणी ढकलायला हिला बोटीसारखा पंखा नाही. फिरणाऱ्या टायरांच्या खाचाच पाणी मागं ढकलतात, आणि वेग मिळतो ताशी चारेक किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीइतका. पुराची धार हिला सहज वाहून नेईल. काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर राहतो. आत दोन माणसं मावतात. पाण्याखालच्या तारा, कुंपणं आणि झाडं तर वेगळीच. पुरात रबरी बोट आणि दणकट मोटार लागते. ही गाडी साचलेल्या, संथ पाण्यासाठी आहे. हौशी लोक तिला तारणहार म्हणून मिरवू लागले, तर त्यांना वेळीच थांबवावं.

(दृश्य : कवठेमहांकाळ तालुक्यातला तलाव. पावसाळ्यानंतरची सकाळ.)

चाचणीसाठी म्हणूनच पुराच्या उलट्या दिशेला, जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्व भागात आलो. म्हैसाळ योजनेतून उचललेलं कृष्णेचंच पाणी इकडच्या तलावांत येतं, पण ते इथं थांबलेलं असतं.

आदल्या दिवशी शेडमध्ये उलटी परीक्षा झाली होती. टबात ॲक्सलच्या वरपर्यंत पाणी भरलं आणि बाहेरून कोरडा हात फिरवला. मागच्या उजव्या ॲक्सलपाशी ओल लागली. तिथलं ग्रीस आणि सील पुन्हा बसवलं.

(दृश्य : लाइफ जॅकेट घातलेला बागायतदार दांडे धरून. मागं काठाला बांधलेला दोर. आबा काठावर.)

आबा बसले नाहीत. जन्म कृष्णाकाठी गेला, पण पोहता येत नाही.

पुढची चाकं पाण्यात गेली, मग मधली. एक क्षण गाडी पुढं झुकते, तेवढ्यात मागची उचलली जातात आणि सगळं सपाट होतं. हिशेब साधा आहे. सहा टायर मिळून अडीचशे लिटरच्या आसपास जागा व्यापतात. पूर्ण बुडाले तर तेवढ्यावरच रिकामी गाडी तोलली जाईल. टब त्यावरची शिल्लक.

(आवाज : टायरांची थपथप, टू-स्ट्रोकची फटफट.)

बंधाऱ्यावरून शेळ्या घेऊन चाललेल्या बाई गाडीच्या पुढं निघून गेल्या. वळायला वेळ लागतो, वाऱ्याची झुळूक आली की तोंड फिरतं. पाण्यात उतरणं सोपं, बाहेर पडणं कठीण. काठाचा उतार गाळाचा, पुढची चाकं नुसतीच फिरत राहतात. बागायतदारानं इंजिन मंद केलं. चाकांनी तळ धरला, गाडी सरपटत वर आली.

मागच्या उजव्या ॲक्सलनं तांब्याभर पाणी आत घेतलंच होतं. बूच काढून ते सोडून दिलं. सील आणखी एकदा बदलणार आहेत. सहापैकी दोन टायर भेगाळलेत. रुंदी जुळणारे मिळतील, पण पाणी ढकलायला आडव्या खाचा लागतात, त्यावर शोध अडला आहे.

(दृश्य : पुन्हा शेड. कोपऱ्यात निळी प्लास्टिकची टाकी. आबा आणि बागायतदार गाडीच्या दोन बाजूंना.)

बागायतदाराच्या मनात वेगळंच आहे. पावसात बागेत ट्रॅक्टर रुततो, औषध मारायचं राहतं, द्राक्षावरचा दावण्या रोग वाढतो. ही गाडी ओळींतून जाईल, मागं टाकी बसवू, असं तो म्हणतोय. आबा नाही म्हणतायत.

आबा :
"दीडशे लिटर म्हंजे दीडशे किलो. टाकीचं वजन येगळं, तुझं येगळं. ॲक्सल वाकंल."

बागायतदार :
"मग निम्मी भरूया की, आबा!"