शिंपला सापडला, पण समुद्र नेमका कुठे होता?

नमस्कार. गेल्या काही व्हिडिओंखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे: "आमच्या शेताच्या बांधात शिंपले सापडले, म्हणजे इथे पूर्वी समुद्र होता ना?" आज त्याचे सविस्तर उत्तर देतो.

प्राथमिक भाग थोडक्यात सांगतो. कवचातील ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून पाण्याच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो, आणि कोणती जात किती खोल, किती खाऱ्या पाण्यात जगते हे माहीत असले की जुन्या समुद्राचे चित्र उभे राहू लागते. खरी अडचण पुढे आहे. तो प्राणी जिथे सापडला, तिथेच जगला होता का?

उत्तर निश्चित 'हो' असलेले एक उदाहरण आधी पाहा. इटलीत नेपल्सजवळ पोत्सुओली गावी रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. १७५० मध्ये तेथे उत्खनन झाले, सेरापिस देवाची मूर्ती मिळाली, आणि त्यामुळे ती जागा दीर्घकाळ मंदिर समजली गेली. सुमारे १२ मीटर उंचीचे हे खांब खालचे साडेतीन मीटर गुळगुळीत आहेत, आणि त्यावरचा अडीच-पावणेतीन मीटरचा पट्टा मात्र छिद्रांनी भरलेला आहे. ही छिद्रे लिथोफॅगा या शिंपल्याची, म्हणजे आपल्या शिणाण्यांच्याच कुळातील प्राण्याची. तो लहानपणी चुनखडकात शिरतो, आम्लाने दगड विरघळवत आत वाढतो, आणि छिद्राचे तोंड अरुंदच राहिल्याने त्याचे कवच बाहेर निघू शकत नाही. कोणत्याही लाटेने हा शिंपला तिथे आणून टाकलेला नाही. खांबाचा तेवढा भाग समुद्राच्या पाण्यात होता, हे त्यावरून निर्विवाद ठरते. खालचा भाग तेव्हा गाळात गाडलेला होता, म्हणून तो वाचला. भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यांनी १८३० मध्ये आपल्या भूविज्ञानावरील ग्रंथाच्या आरंभी याच खांबांचे चित्र छापले.

एका प्रेक्षकाने विचारले होते की समुद्रच चढला असेल, तर? येथे जमीनच खाली-वर होते, कारण गाव ज्वालामुखीच्या विवरात वसलेले आहे. १९८२ ते १९८४ या काळात ती सुमारे १.८ मीटर उचलली गेली. म्हणून शिंपला सांगतो ती पातळी जमीन आणि पाणी यांच्यातील सापेक्ष पातळी असते.

आता कोकणात या. माझ्या हातात करळ आहे, म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात चुन्याने सांधली गेलेली वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. भिंगातून पाहा: प्रत्येक तुकड्याची कड झिजलेली आहे, एकाही शिंपल्याची दोन्ही झाकणे जोडलेली नाहीत. हे प्राणी इथे जगले नाहीत, लाटांनी लोळवत आणले. तरीही करळ मौल्यवान आहे, कारण ती पुळणीची जागा दाखवते. मात्र खडकाला चिकटलेले कालव वेगळी साक्ष देते, कारण ते एकदा चिकटले की तेथून हलत नाही.

कच्छच्या अमोनाइटांबाबतही, म्हणजे गुंडाळीदार कवचाच्या नामशेष समुद्री प्राण्यांबाबतही, हीच दक्षता हवी. त्यांच्यासारखेच कवच असलेल्या आजच्या नॉटिलस या समुद्री प्राण्याचे रिकामे कवच तरंगत फार दूर जाते, तसे अमोनाइटांचेही होऊ शकत असे. त्यामुळे त्यांच्यावरून खडकाचे वय उत्तम ठरते, परंतु केवळ त्यांच्या आधारे किनारा आखणे धोक्याचे आहे.

विद्यार्थिदशेत मी स्वतः हीच चूक केली. एका बांधातील कालवांच्या थराला मी जुना किनारा म्हटले. माझ्या शिक्षकांनी एक शिंप उलटी करून तिच्या कडेवरील काळे डाग दाखवले. शेजारी कोळशाचे कण आणि खापरेही होती. तो माणसांनी खाऊन टाकलेला कचरा होता. त्या दिवसापासून मी थर पाहिल्याशिवाय शिंपला उचलत नाही.

म्हणून विनंती आहे की छायाचित्र पाठवताना शिंपला काढू नका. तो मातीत कसा बसला आहे, दोन्ही झाकणे जोडलेली आहेत का, हे दिसू द्या, आणि मापासाठी शेजारी एक नाणे ठेवा.