मे महिन्यातला फणस

(डिचोली तालुक्यातील एका ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, छपरावर सौर पॅनेल बसवली की पहिला प्रश्न येतो, ‘सरकारला वीज विकून महिन्याला किती सुटतात?’ मीही हाच प्रश्न घेऊन या फंदात पडलो होतो. आता मी ‘विकणे’ हा शब्दच वापरत नाही.

माझी यंत्रणा 3 किलोवॉटची. लख्ख उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज होते. दुपारी घरात फ्रिज आणि एखादा पंखा, बाकी सगळी वीज बाहेर जाते. बाहेर म्हणजे फार लांब नव्हे. ती शेजाऱ्याच्या मिक्सरला किंवा पलीकडच्या पंपाला लागते. संध्याकाळी सातला दिवे, टीव्ही, एसी सुरू झाले की आपण तारेवरून वीज परत घेतो. मीटर आयात आणि निर्यात असे दोन आकडे दाखवतो आणि बिल त्यांच्या फरकावर येते. यालाच नेट मीटरिंग म्हणतात. ही उसनवारी झाली. जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात आणि हिशेबाचा काळ संपताना जे उरतील, तेवढ्यांचेच वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने पैसे मिळतात.

दुपारची वीज म्हणजे मे महिन्यातला फणस. आपल्याकडे पिकतो तेव्हा सगळ्यांच्याच परसात पिकलेला असतो. म्हणून विकण्यासाठी मोठी यंत्रणा घालू नका. वर्षाचा वापर काढा, तेवढीच बसवा. आपले बिल टप्प्याटप्प्याने महाग होत जाते, त्यामुळे पहिली बचत वरच्या, महागड्या टप्प्यातून होते. खरा फायदा तिथे आहे. पण स्थिर आकार राहतोच. बिल शून्य येईल असे मी घरी सांगून बसलो होतो, तेवढे सोडून द्या.

जून ते सप्टेंबर ही शिल्लक खाण्याचे दिवस. झडीच्या दिवशी दोन-तीन युनिटांतही समाधान मानावे लागते. म्हणूनच हिशेबाचे वर्ष कुठल्या महिन्यात संपते, हे करारात आधी पाहून घ्या.

अनुदानाचे थोडक्यात सांगतो. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये मिळतात. 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीची अट नाही.

चवथीच्या आदल्या दिवशी भरदुपारी वीज गेली. गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची माटोळी बांधता बांधता शेजारच्या काकींनी हाक मारली, ‘अहो, तुमचो सोलर ना? मग काळोख कसो?’ लाइन बंद झाली की पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टरही आपोआप बंद पडतो. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्याच छपरावरची वीज झटका देईल. बॅटरी नसेल तर ऊन असूनही आपल्या घरी काळोखच. काकींना हे पटले नाही. त्या म्हणाल्या, ‘मग उपयोग किते?’

माझी स्वतःची चूकही सांगतो. पॅनेल बसवली डिसेंबरात, आणि पश्चिमेच्या माडाकडे माझे लक्षच गेले नाही. तीन वाजले की झावळीची सावली एका कोपऱ्यावर यायची. पॅनेल माळेसारखी एकापुढे एक जोडलेली, त्यामुळे एकावर सावली पडली की बाकीचीही वीज बरीच घसरायची. इन्व्हर्टर बिघडला असे समजून मी चार फोन केले. शेवटी एका दुपारी खुर्ची टाकून छपरावर बसलो, तेव्हा कळले.

माड तोडला का, असे मघाशी कोणी विचारले. नाही. पॅनेल सरकवली.