शंकरपटाचा गेम आणि रोजचं बक्षीस

छत्रपती संभाजीनगर, गारखेडा. टू बीएचके फ्लॅटच्या हॉलमध्ये तीन कॉम्प्युटर, अन् इथं शंकरपटाचा मोबाईल गेम बनतोय. बैल झकास पळतात, धुरळा उडतो, पण प्लेअर दुसऱ्या दिवशी फिरकत नाही.

मग ठरलं, रोज लॉगिन केलं की कॉइन द्यायचे. ऐकायला लई सोपं, पण टेस्टिंगला बसलेल्या पोरांनी फोनची तारीख पुढं सरकवली अन् एका बैठकीत महिन्याभराचे कॉइन उचलले. शिवाय नेट स्लो असलं की लोक क्लेमचं बटण दोन-तीनदा दाबणारच, तेवढ्यांदा कॉइन जमा! म्हणजे टाइम सर्व्हरचा पाहिजे, प्रत्येक क्लेमला वेगळा नंबर पाहिजे, अन् कुणाला कधी काय दिलं याची किराणावाल्याच्या उधारीच्या वहीसारखी नोंद पाहिजे. हे सगळं स्वतः लिहीत बसलं तर गेम कधी बनवायचा? म्हणून स्टुडिओ तयार सिस्टीम घेतात, मायक्रोसॉफ्टचं प्लेफॅब आहे, युनिटीच्या सर्व्हिसेस आहेत, अन् जालन्याची एक ताई त्या गेमला जोडून देते.

तिचा पहिलाच प्रश्न, तुमचा दिवस किती वाजता बदलतो? कारण सिस्टीम यूटीसीवर, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेवर चालत असली तर आपल्याकडं नवा दिवस पहाटे ५:३० ला उजाडतो, अन् रात्री बारानंतर जागणारं पोरगं म्हणतं, आजचं बक्षीस कुठंय?

दुसरं म्हणजे स्ट्रीक, म्हणजे एकही दिवस न चुकवता सलग लॉगिन केलेले दिवस. गावाकडं लाईट गेली, टॉवर बंद पडला, की त्या बिचाऱ्याची सहा दिवसांची स्ट्रीक शून्यावर. असा प्लेअर चिडत बसत नाही, गेमच काढून टाकतो. म्हणून ती एका दिवसाची सूट ठेवायलाच लावते. अन् प्लेअरच्या डेटाची एक कॉपी स्वतःकडं. अमेझॉनचं गेमस्पार्क्स, अशीच एक तयार सिस्टीम, २०२२ मध्ये बंद झालं तेव्हा त्याच्यावर चालणाऱ्या गेमांना दुसरीकडं बिऱ्हाड हलवावं लागलं, हे ती प्रत्येकाला सांगते, न विचारता.

मालक विचारतात, कॉइन विकत द्यायचे अन् जिंकलेले यूपीआयवर काढू द्यायचे, असं जमेल का?

"नाही दादा, ते डोक्यातून काढा." २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी आणलीय. त्यापेक्षा बैलाला नवी झूल द्या, शिंगांना रंग द्या, पोळ्याच्या आठवड्यात घुंगरं द्या.

झुलीची किंमत मात्र कुठलीच तयार सिस्टीम ठरवून देत नाही. पाचशे कॉइन की हजार, यावर हॉलमध्ये तासभर झाला वाद चालूये.