भीतीसाठी वर्गणी

(पडद्यावर : सुपर ८ फिल्मचा प्रोजेक्टर, हाताने रीळ चढवताना.)

१९७८ साल. अमेरिकेतलं मिशिगन राज्य. सॅम रेमी नावाचा, विशीही न गाठलेला एक मुलगा रॉब टॅपर्ट आणि ब्रूस कॅम्पबेल या मित्रांना घेऊन सुमारे अर्ध्या तासाचा भयपट बनवतो. नाव ‘विदिन द वुड्स’. खर्च साधारण १,६०० डॉलर. हा लघुपट त्यांनी पुढच्या, मोठ्या सिनेमासाठी पैसे मागायला केला होता. प्रोजेक्टर उचलायचा, ओळखीच्या वकिलाकडे, व्यावसायिकाकडे जायचं, भिंतीवर सिनेमा दाखवायचा आणि समोरचा दचकला की मग पैशांचा विषय काढायचा. त्यातून ‘द ईव्हिल डेड’ उभा राहिला. १५ ऑक्टोबर १९८१ ला डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरमध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला.

आज पुण्यात, कोल्हापुरात, छत्रपती संभाजीनगरात एखादा विद्यार्थ्यांचा गट भयपट करायला निघाला, तर त्यांच्या हातात रेमीपेक्षा कितीतरी चांगला कॅमेरा असतो. पैसे मात्र तसेच मागावे लागतात, माणसासमोर बसून. आणि विषय विषारी नात्याचा असेल, तर मागणं आणखी अवघड होतं. समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो : “यात भूत कुठे आहे?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर १९३८ सालीच लंडनच्या रंगभूमीवर दिलं गेलंय. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं ‘गॅस लाइट’ हे नाटक. रोज संध्याकाळी नवरा बाहेर जातो आणि घरातल्या गॅसच्या दिव्याची ज्योत आपोआप मंद होते. वरच्या बंद मजल्यावर पावलं वाजतात. बायको हे सांगते, तर तो म्हणतो, तुला भास होतात, तुझं डोकं ठिकाणावर नाही. खरं तर तोच वर जाऊन लपवलेले दागिने शोधत असतो आणि तिथला दिवा लावला की खालचा मंदावतो. नाटकात एकही भूत नाही. एका बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास रोज थोडा थोडा काढून घेतला जातो, तेवढंच.

आपल्या विद्यार्थ्यांच्या संहितेत दिव्याच्या जागी फोन असतो. पासवर्ड दे, लाइव्ह लोकेशन चालू ठेव, त्या मैत्रिणीशी बोलू नकोस, हा ड्रेस का घातलास. मग भांडण, मग रडून माफी, मग फुलं, आणि “तुझ्या काळजीपोटीच म्हणतो ना मी.” हेच मुलगी मुलाला करते, मित्र मित्राला करतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला बंद खोलीचं भय नव्याने समजावून द्यावं लागत नाही. फक्त ती खोली कुणी बंद केली, हे दाखवावं लागतं.

अशा नात्याला भयपटच का हवा, असंही विचारतात. आम्हाला वाटतं, त्याचं कारण कायद्याच्या कडेला सापडतं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीसोबत मानसिक छळ आणि आर्थिक कोंडीही तो हिंसाच मानतो. लग्नासारख्या नात्यालाही तो लागू होतो. पण त्यासाठी दोघांनी कधीतरी एका घरात संसार केलेला असावा लागतो. वेगवेगळ्या हॉस्टेलवर राहणारी, एकोणीस वर्षांची दोन मुलं त्या चौकटीत बसत नाहीत. पाठलाग आणि ऑनलाइन पाळत यांविरुद्ध तरतूद आहे, पण पाठलागाच्या तक्रारीत ‘मला नको’ हे आधी स्पष्ट झालेलं असावं लागतं. आणि जिला अजून ‘नको’ म्हणताच आलेलं नाही तिचं काय? घरी सांगावं, तर आधी मुळात नातं होतं हेच कबूल करावं लागतं. तिची गोष्ट सांगायला पोलिसांची नोंदवही अपुरी पडते. सिनेमाला ती सांगता येते.

(पडद्यावर : अंधारा जिना. एका खोलीतून फोनचा थरथराट.)

आता पैसे कुणाकडून घ्यायचे, याकडे येऊ. कॉलेजच्या स्मरणिकेला जाहिरात देणारे लोक आपल्या ओळखीचे असतात. क्लासवाले, सराफ, बांधकाम व्यावसायिक. एकांकिकेला ते आनंदाने मदत करतात. पण या विषयावर हमखास एक सूचना येते : शेवटी ती दोघं समजुतीने एकत्र आली तर? सूचना करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला गोड शेवट हवा असतो, आपल्या दुकानाच्या नावाखाली. पण या गोष्टीत समजुतीचा शेवट हाच खरा धोका आहे. ती परत जाते आणि आपण टाळ्या वाजवतो. सगळा पैसा एकाच हातातून आला की शेवटचं पान त्या हाताकडे जातं.

याला उतारा म्हणजे अनेक हात, आणि त्याचा अनुभव आपल्या देशाला जुना आहे. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा विजय तेंडुलकरांची, पडद्यावर स्मिता पाटील. गावातली सरंजामशाही आणि जातीची उतरंड त्या सिनेमात झाकलेली नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम यांनी केरळात ‘ओडेसा’ या गटासोबत गावोगाव सिनेमे दाखवले, जमलेल्या लोकांकडून जमेल तेवढे पैसे घेतले आणि त्यातून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ केला. २०१३ चा कन्नड ‘लुसिया’ही शंभरावर लोकांच्या पैशातून झाला.

पण लोकांकडे काय मागायचं? ‘आमच्या सिनेमाला मदत करा’ एवढ्याने कुणाचा खिसा सैल होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या दिग्दर्शिका जेनिफर केंट यांचं उदाहरण इथे शिकण्यासारखं आहे. ‘द बाबाडूक’ या भयपटासाठी मोठा निधी सरकारी चित्रपट संस्थांकडून आला होता. २०१२ साली त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मागितले ते फक्त ३०,००० डॉलर, आणि तेही नेपथ्यासाठी. ते घर कसं दिसावं, भिंतींचा रंग कोणता, हे सगळं त्यांना हवं तसं बांधायचं होतं. पैसे देणाऱ्याला कळत होतं की आपण घर उभारायला हातभार लावतोय. शिवाय त्यांच्याकडे दाखवायला २००५ चा ‘मॉन्स्टर’ हा छोटा लघुपट होता. म्हणजे रेमीचीच रीत.

विद्यार्थ्यांनी असं नेमकं काय मागावं? आमचं मत : ध्वनी. बहुतेक गट सगळा खर्च कॅमेऱ्याच्या भाड्यावर आणि लेन्सवर करतात, उरलं तर रक्ताच्या मेकअपवर. आवाज शेवटी एखाद्या मित्राच्या लॅपटॉपवर उरकतात. भय मात्र निम्मं कानातून येतं. लाकडी टेबलावर थरथरणारा फोन, कुलपात फिरणारी किल्ली, चपला काढल्याचा आवाज. माणूस कोणत्या मूडमध्ये घरी आलाय हे त्या चपलांवरून ओळखायला शिकलेली माणसं आपल्यातच आहेत. तो आवाज नीट रेकॉर्ड करणाऱ्या माणसाचे दोन दिवसांचे पैसे मागा. देणारा देईल, कारण त्याने तो ऐकलेला असतो.

अंदाजपत्रकात आणखी एक ओळ हवी, जी सहसा नसते. गळा धरण्याचा, ओढाताणीचा प्रसंग चित्रित होताना सेटवर एक अनुभवी माणूस असा हवा, ज्याचं काम फक्त कलाकारांना सांभाळणं. तालमीत आधी सगळं ठरवून घेणारा, मध्येच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेला. छळावरचा सिनेमा करताना कुणाचा छळ होऊ नये, यासाठीचा हा खर्च आहे. जेवणाच्या डब्यांइतकाच आवश्यक.

(पडद्यावर : क्यूआर कोड. एक बोट स्क्रीनवर थांबलेलं.)

इथे थोडं थांबायला हवं, कारण या विषयाची वर्गणी गणपतीच्या वर्गणीसारखी नसते. गणपतीची पावती आपण दाराला लावतो. इथे पैसे देणारी एखादी मुलगी अशी असेल, जिचा फोन रोज रात्री कुणीतरी तपासतं. तिने पन्नास रुपये पाठवले, तर ते यूपीआयच्या यादीत दिसतात आणि बँकेच्या मेसेजमध्येही दिसतात. खात्याच्या नावातच ‘विषारी नातं’ असेल, तर त्या पन्नास रुपयांचा जाब तिला द्यावा लागेल. म्हणून खात्याचं नाव साधं ठेवा. आभाराचा मेसेज आपोआप जात असेल, तर त्यातही विषय नको. दात्यांची नावं जाहीर करायची तर विचारून, आणि ‘नाव नको’ हा पर्याय सगळ्यात वर. रोख पैसे हातात ठेवून निघून जाणाऱ्याला नाव विचारू नका.

पैशांबरोबर गोष्टीही येतात. रात्री उशिरा, लांबलचक मेसेजमधून. त्या संहितेत घेऊ नका, टीझरच्या खाली चिकटवू नका, निदान त्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय तरी नाही. प्रत्येक मेसेजला उत्तर द्या, आणि तुम्ही समुपदेशक नाही हेही लक्षात ठेवा. मोहिमेच्या माहितीत महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आणि मानसिक आधारासाठीचा टेली-मानसचा १४४१६ ठळक लिहा.

हिशेबाचं थोडक्यात. एका विद्यार्थ्याच्या खासगी खात्यात सगळं जमा करू नका, दोघांच्या सह्यांचं वेगळं खातं काढा. खर्चाची यादी दात्यांना दिसू द्या. निधी जमवणाऱ्या संकेतस्थळावर जायचं तर त्यांचं शुल्क किती, आणि ठरलेली रक्कम पूर्ण झाली नाही तर जमलेले पैसे परत जातात का, हे आधी वाचा. नफ्यात वाटा देण्याचं वचन अनोळखी लोकांना देऊ नका, ते कायद्याच्या गुंत्यात नेतं. श्रेयनामावलीत जागा द्या, पहिल्या खेळाचं आमंत्रण द्या. बहुतेकांना तेवढं पुरतं.

आणि मोहीम सुरू करण्याआधी एक मिनिटाचा प्रसंग चित्रित करा. संहितेतला सगळ्यात घट्ट प्रसंग, पूर्ण आवाजासकट. तो मित्रांना दाखवू नका, ते कौतुकच करतील. मेसच्या काकूंना दाखवा, दुसऱ्या शाखेच्या मुलांना दाखवा, एखाद्या सराफालाही दाखवा. त्यांना तो नीट वाटला तर वर्गणी जमेल. ती किती जमायला हवी? शेवट बदलण्याची अट घालून मोठी रक्कम देऊ करणारा भेटला, तर त्याला चहा पाजून, हात जोडून नाही म्हणता येईल, निदान इतकी.