एकची शेजारीण

[काळा पडदा. मधोमध फक्त १.०]

एकच्या लगेच पुढची संख्या कोणती? पहिलीतलं पोर सांगेल, दोन. दहावीतलं म्हणेल, अशी संख्याच नसते, कारण कुठल्याही दोघींच्या मध्ये तिसरी घुसवता येते. सी या प्रोग्रामिंग भाषेत दशांश संख्या ठेवायचा ‘डबल’ नावाचा प्रकार आहे. त्याला मात्र ती नेमकी ठाऊक असते. त्याच्याकडे खण मोजके, ६४ बिट (प्रत्येकात ० किंवा १): एक चिन्हाचा, ११ घातांकाचे, ५२ अपूर्णांकाचे. यात जी बसेल ती संख्या खरी. बाकीच्यांनी जवळच्या घरी मुक्काम करायचा. साधा ०.१ सुद्धा त्यातलाच. आत साठतो तो किंचित जास्त.

[टर्मिनल. कीबोर्डचा आवाज]

शेजारीण शोधून देणारं फंक्शन म्हणजे नेक्स्टआफ्टर. १९९९च्या सी प्रमाणात आलं, राहतं मॅथ डॉट एच या गणिताच्या हेडर फाइलमध्ये. कुठून निघायचं आणि कुठल्या दिशेला, एवढंच त्याला सांगायचं.

एकहून दोनच्या दिशेला. एंटर. एक पॉइंट, पंधरा शून्यं, मग दोन.

आता एकहून शून्याच्या दिशेला. शून्य पॉइंट, पंधरा वेळा नऊ, मग आठ, नऊ.

नीट बघा. उजवीकडची शेजारीण जितकी लांब, डावीकडची त्याच्या निम्म्यावर! कारण एक ते दोनमध्ये जितक्या संख्या मावतात, तितक्याच दोन ते चारमध्ये, तितक्याच चार ते आठमध्ये. रस्ता दुप्पट, घरं तेवढीच. शून्याजवळ चाळ, भिंतीला भिंत. पुढे पुढे शेतातली वस्ती.

[फळ्यावर खडूने रेषा. खुणा विरळ होत जातात]

म्हणूनच ‘डीबीएल एप्सिलॉन (एक आणि तिच्या उजव्या शेजारणीतलं अंतर) मिळवा, पुढची संख्या येते’ हा सल्ला फक्त एक ते दोनच्या पट्ट्यात चालतो. दोनमध्ये मिळवून पाहा: दोनच राहतात. ०.१ मध्ये मिळवा: मधल्या पंधरा जणी ओलांडून थेट सोळावीच्या दारात.

हे मी भोगलंय. कॉलेजात असताना दोन कोटी फेऱ्यांचा लूप लिहिला आणि काउंटर ठेवला फ्लोट, म्हणजे डबलचा धाकटा भाऊ. पंखा गरगरतोय, प्रोग्राम काही संपेना. काउंटर १,६७,७७,२१६ वर येऊन बसला होता. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये या आकड्यानंतरची शेजारीण दोन पावलांवर असते. मी एक मिळवत होतो, उत्तर गोल होऊन पुन्हा तिथेच. कंपायलरने चकार शब्द काढला नाही.

[पडद्यावर १.० चे बिट]

आता आतून पाहू. एकचे बिट सोळा-पायाच्या पद्धतीत लिहिले तर तीन, एफ, एफ आणि पुढे तेरा शून्यं. ते मेमकॉपीने, म्हणजे बिट जसेच्या तसे नकलणाऱ्या फंक्शनने, पूर्णांकात उतरवून घ्या. (पॉइंटरला, म्हणजे डबलच्या मेमरीतल्या पत्त्याला, पूर्णांकाच्या पत्त्याचं वेषांतर करायला लावू नका, ते सी च्या नियमांत बसत नाही.) त्यात एक मिळवा आणि परत डबलमध्ये भरा. तीच शेजारीण! संगणकात दशांश संख्या कशा मांडायच्या हे ठरवणाऱ्या १९८५च्या आयईईई ७५४ या प्रमाणात घातांक अपूर्णांकाच्या आधी बसवलाय, त्यामुळे धन संख्यांचा क्रम बिटांच्या क्रमाशी तंतोतंत जुळतो. या प्रमाणामागचं मोठं नाव म्हणजे बर्कलीचे विल्यम कहान. संगणकशास्त्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९८९चा मिळाला. मला विचाराल तर त्या मांडणीतली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

ऋण संख्यांत मात्र एक मिळवलं की आपण उलट दिशेला, शून्यापासून लांब जातो. ती भानगड नेक्स्टआफ्टर स्वतःच सांभाळतं, म्हणून कामाच्या प्रोग्राममध्ये तेच वापरावं.

[पुन्हा टर्मिनल]

शून्याला विचारलं, पुढे कोण? साधारण ४.९ गुणिले दहाचा उणे ३२४ वा घात. आणि सर्वांत मोठ्या डबलला विचारलं, तुझ्या पुढे?

एंटर. आय, एन, एफ. अनंत.