किंबर्लीचा किनारा आणि भरतीचे कोष्टक

श्रोतेहो,

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला ब्रूम आणि डार्विन या दोन बंदरांच्या मध्ये जो किनारा आहे, त्याच्या बहुतेक भागाला रस्ता पोहोचलेलाच नाही. किंबर्ली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाचे क्षेत्रफळ सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. परंतु ब्रूम, डर्बी आणि विंडम ही गावे सोडली की आदिवासींच्या मोजक्या वसाहती, मोत्यांच्या शेतीचे तरंगते दोर आणि कूलान बेटावरची लोहखनिजाची खाण, एवढीच काय ती माणसाची जाग आढळते. बाकी आहेत ते सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्माचे लाल कडे, तिवरांच्या दाट रांगा आणि अडीच हजारांहून अधिक बेटे. हा किनारा सलग पाहायचा तर समुद्रमार्गेच जावे लागते, आणि त्यासाठी काही डझनांपासून दोनेकशेपर्यंत प्रवासी घेणारी लहान जहाजे साधारण दहा-बारा दिवसांच्या सफरी करतात. पाहण्याच्या ठिकाणी बंदर नसल्यामुळे जहाज दूर नांगरून झोडियॅक नावाच्या फुगवलेल्या रबरी बोटींतून किनारा गाठायचा, हा या सफरींचा नित्यक्रम असतो.

अशा सफरीची माहितीपत्रके जहाजावरच्या खोल्या आणि भोजन यांबद्दल विस्ताराने बोलतात. माझे मत असे की, खोली निवडण्याआधी प्रवाशाने त्या आठवड्याचे भरतीचे कोष्टक पाहावे. या किनाऱ्यावर काय दिसणार, किती वाजता दिसणार आणि काय मुळीच दिसणार नाही, हे सारे भरती-ओहोटीवर ठरते. आजचे व्याख्यान मुख्यतः त्याविषयीच आहे.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी बहुतेक समुद्रांना येते. इथे विलक्षण आहे ते तिचे प्रमाण. किंग साउंड या उपसागराच्या टोकाशी असलेल्या डर्बीला मोठ्या उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत ११ मीटरहून अधिक फरक पडतो. म्हणजे तीन मजली इमारत बुडेल एवढे पाणी सहा तासांत चढते आणि पुढच्या सहा तासांत उतरते. याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. ऑस्ट्रेलियाच्या या बाजूला भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, फार रुंद आहे. हिंदी महासागरातून येणारी भरतीची लाट या उथळ मंचावर चढताना मंदावते आणि फुगते. शिवाय मंचाची रुंदी व खोली अशी जुळली आहे, की त्यावरच्या पाण्याचे नैसर्गिक आंदोलन भरतीच्या सुमारे साडेबारा तासांच्या आवर्तनाच्या जवळ येते, आणि प्रत्येक लाटेला आधीच्या लाटेची साथ मिळत जाते. त्यातून पुढे उपसागर नरसाळ्यासारखे निमुळते होत गेले, की त्याच पाण्याला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पौर्णिमा आणि अमावास्येनंतर दोनेक दिवसांनी उधाण शिगेला पोहोचते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते आणि तिचा आवाका उधाणाच्या मानाने फारच थोडा असतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. एखाद्या ठिकाणी उधाणाची ओहोटी घड्याळाच्या साधारण ठरावीक वेळेलाच येते. ब्रूमला ती सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास असते. म्हणूनच तिथे मार्च ते ऑक्टोबर या काळात पौर्णिमेच्या आसपास, उघड्या पडलेल्या चिखलावर उगवत्या चंद्राचे प्रतिबिंब पायऱ्या-पायऱ्यांनी पडलेले दिसते आणि ते पाहायला गर्दी जमते. पाणी उतरलेले असणे आणि चंद्र उगवणे हा योगायोग नव्हे. दोन्हींचा कर्ता एकच आहे.

या पाण्याचे बळ किती, याची कल्पना कूलान बेटावरच्या खाणीवरून यावी. तिथला खड्डा समुद्रपातळीच्या खाली गेलेला होता आणि समुद्राला एका भिंतीने थोपवून धरले होते. २०१४ साली ती भिंत ढासळली आणि तो खड्डा पाण्याखाली गेला.

टॅल्बट बे हे त्या बळाचे सर्वांत प्रसिद्ध दर्शन. इथे डोंगरांच्या दोन समांतर रांगा किनाऱ्याशी आडव्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीत एकेक अरुंद खिंड आहे. समुद्राकडची सुमारे २० मीटर रुंद, आतली त्याच्या निम्मी. भरतीचे पाणी खिंडीतून आत शिरू पाहते, पण जितक्या वेगाने बाहेरची पातळी चढते तितक्या वेगाने आत पाणी पोहोचू शकत नाही. त्यामुळे खिंडीच्या दोन बाजूंना पाण्याच्या दोन वेगळ्या पातळ्या तयार होतात आणि समुद्र अक्षरशः उतारावरून धावू लागतो. ओहोटीत हाच प्रकार उलट दिशेने घडतो. 'आडवा धबधबा' हे नाव प्रवाशांच्या सोयीचे आहे. दांबिमंगारी लोक या जागेला गरांगद्दिम म्हणतात आणि तिला पवित्र मानतात. अनेक वर्षे वेगवान बोटी प्रवाशांना या खिंडींतून आरपार नेत आल्या आहेत. मे २०२२ मध्ये अशाच एका फेरीत बोटीला अपघात होऊन अनेक प्रवासी जखमी झाले. या जागेच्या मूळ मालकांना बोटींनी खिंडीतून जाणे मान्य नव्हते, आणि या फेऱ्या २०२८ मध्ये बंद करण्याचा निर्णय पुढे जाहीर झाला. माझ्या दृष्टीने त्यात प्रवाशाचे काही नुकसान नाही. खिंडीच्या तोंडाशी बोट उभी करून पाणी पाहण्यात जे कळते, ते त्यातून धडधडत पार होताना कळत नाही.

माँटगोमेरी रीफ त्याहून अधिक विचार करायला लावणारी आहे. सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा हा प्रवाळी खडक भरतीच्या वेळी पाण्याखाली असतो आणि समुद्र सपाट दिसतो. ओहोटी लागली की आधी पाण्यावर तपकिरी रेषा उमटते, मग ती रुंदावते आणि पाहता पाहता खडकाचा कडा समुद्राच्या वर चार मीटरपर्यंत उभा राहतो. खडक वर येत नाही, भोवतालचे पाणी खाली जाते, हे बुद्धीला ठाऊक असूनही डोळ्यांना पटत नाही. खडकाच्या माथ्यावर साचलेले पाणी मग शेकडो लहानमोठ्या धारांनी कडेने खाली कोसळू लागते. त्याबरोबर मासे आणि खेकडे वाहून येतात, आणि ते टिपायला बगळे काठावर व शार्क खाली प्रवाहात टपून असतात. समुद्री कासवेही इथे मोठ्या संख्येने दिसतात. झोडियॅक खडकातल्या एका नैसर्गिक पाणवाटेतून आत जातात आणि त्यांना तिथे थांबता येणारा अवधी मोजकाच असतो. भांगाच्या दिवसांत हीच रीफ गाठली तर खडकाचा थोडासाच भाग उघडा पडतो. माहितीपत्रकात मात्र दोन्ही दिवसांचे वर्णन एकाच शब्दांत छापलेले असते.

पूर्वेकडे किंग जॉर्ज नदीच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. तो ओलांडून दहा-बारा किलोमीटर आत, लाल कड्यांच्या घळीत, सुमारे ८० मीटर उंचीचे जुळे धबधबे आहेत. बांधावरून पार होण्यापुरते पाणी चढले, तरच त्या दिवशी धबधबा. म्हणून पहाटे चार वाजता उठवले तर कुरकुर करू नये. इथे भरतीच्या जोडीला ऋतूही पाहावा लागतो. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो आणि त्या काळात वादळांमुळे सफरी बंद असतात. हंगाम उघडतो तेव्हा, म्हणजे एप्रिलअखेर आणि मे महिन्यात, धबधबे जोमात असतात; ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत ते रोडावत जाऊन पुष्कळदा कोरडेच पडतात. मिचेल धबधब्याचेही तसेच. मात्र जुलैपासून हंपबॅक देवमासे अंटार्क्टिक समुद्रातून पिलांना जन्म देण्यासाठी इथे येतात. कॅम्डन साउंड हे त्यांचे मोठे प्रसूतिस्थान असून २०१२ पासून ते सागरी उद्यान म्हणून राखलेले आहे. भरलेले धबधबे आणि देवमासे दोन्ही एकाच फेरीत मिळतील, अशी आशा कोणी दाखवत असेल तर ती तपासून घ्यावी.

भरतीवर दिवस बेतण्याची ही रीत आजच्या पर्यटनाने शोधलेली नाही. जानेवारी १६८८ मध्ये विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी ज्या 'सिग्नेट' जहाजावर होता, ते किंग साउंडच्या परिसरात आले. जहाजाचा तळ शिंपल्यांनी आणि शेवाळाने भरला होता. खलाशांनी उधाणाच्या भरतीत जहाज एका वाळूच्या खाडीत जमेल तितके आत ओढून घेतले, आणि भांगाच्या दिवसांत पाणी जहाजापर्यंत पोहोचेनासे झाले, तेव्हा कोरड्यावर निवांतपणे तळ साफ केला. दुसऱ्या कोणत्याही किनाऱ्यावर यासाठी केवढी यातायात पडली असती! १८२० साली फिलिप पार्कर किंग हा ब्रिटिश नौदल अधिकारी या किनाऱ्याचे सर्वेक्षण करत असताना त्याचे 'मर्मेड' हे जहाज गळू लागले. त्यानेही असेच एका उपसागरात जहाज किनाऱ्याला लावून डागडुजी केली. त्याच्या माणसांनी तिथल्या एका बोआब झाडावर जहाजाचे नाव आणि साल कोरले. बोआब म्हणजे आपल्याला परिचित असलेल्या गोरखचिंचेचा ऑस्ट्रेलियन भाऊबंद. झाड आजही जिवंत आहे, खोड फुगत गेले आहे आणि त्याबरोबर अक्षरेही रुंदावली आहेत. केअरनिंग बे या ठिकाणी जहाजे थांबतात ती या झाडासाठीच.

डॅम्पियर आणि किंग यांना नकाशावर कोरा वाटलेला हा किनारा मुळीच कोरा नव्हता. वुनांबल, वरोरा, बार्डी अशा अनेक लोकांचे इथे हजारो वर्षांपासून वास्तव्य आहे. कड्यांच्या आडोशाला जी चित्रे आहेत त्यांत एका प्रकारात डोक्यावर मोठे शिरोभूषण घातलेल्या सडपातळ मानवाकृती दिसतात. त्यांना ग्वियन ग्वियन म्हणतात. चित्रांच्या वर आणि खाली गांधीलमाशांनी बांधलेल्या मातीच्या घरट्यांतला कार्बन तपासून त्यांपैकी बरीच चित्रे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीची असावीत असा निष्कर्ष २०२० मध्ये मांडला गेला. कांगारूचे एक चित्र तर सुमारे १७,३०० वर्षांपूर्वीचे ठरले. दुसरा प्रकार वांजिनांचा. मोठे डोळे आणि नाक असलेले, पण तोंड नसलेले हे चेहरे पावसाचे आणि ढगांचे अधिष्ठाते मानले जातात. परंपरेने नेमलेली माणसे ती चित्रे पुन्हा रंगवून सजीव ठेवत आली आहेत. तेव्हा त्यांच्याकडे संग्रहालयातल्या वस्तूंसारखे पाहणे चुकीचे ठरेल. २०११ साली वुनांबल गांबेरा आणि दांबिमंगारी या दोन्ही समूहांच्या मालकीहक्कांना न्यायालयाने मान्यता दिली. वुनांबल गांबेरांच्या प्रदेशात उतरण्यासाठी शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. बहुतेक जहाजे तो स्वतः काढतात, तरीही आपण पाहुणे आहोत आणि कोणत्या जागी छायाचित्र घ्यायचे नाही हे यजमान ठरवतील, याची जाणीव प्रवाशाला असलेली बरी.

आता सुरक्षिततेविषयी थोडक्यात. खाऱ्या पाण्यात, खाडीत आणि नदीमुखात पोहायचे नाही. मोठ्या मगरी सर्वत्र आहेत, आणि शिकारीवर बंदी आल्यापासून त्यांची संख्या वाढली आहे. मार्गदर्शक सांगेल त्याच गोड्या पाण्याच्या डोहात उतरावे. समुद्राच्या नकाशांवर काही भाग आजही न मोजलेले आहेत, म्हणून कप्तानाने एखादे ठिकाण गाळले तर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. रुग्णालय दूर आहे. गंभीर आजारी माणसाला हेलिकॉप्टरने किंवा विमानाने हलवण्याचा खर्च विम्यात धरलेला आहे की नाही, हे निघण्याआधी तपासावे.

तारीख कशी निवडावी, हा प्रश्न राहिला. माँटगोमेरी रीफ आणि टॅल्बट बे ही दोन्ही ठिकाणे ब्रूमच्या बाजूला, एकमेकांच्या जवळ आहेत. जहाज ब्रूमहून निघत असेल तर ते तिथे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोहोचते; तेव्हा पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास निघणारी फेरी घ्यावी. तेच जहाज डार्विनहून निघत असेल तर तिथे पोहोचायला आठ-नऊ दिवस लागतात, म्हणून पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आधी आठवडाभर निघणारी फेरी पाहावी. पौर्णिमेला डार्विनहून निघालेला प्रवासी रीफपाशी नेमका भांगात पोहोचतो. ऑस्ट्रेलियाचा सरकारी हवामान विभाग ब्रूम आणि डर्बी या दोन्ही बंदरांची भरतीची कोष्टके आगाऊ प्रसिद्ध करतो. फेरीची तारीख, रीफवर पोहोचण्याचा दिवस आणि त्या दिवशीचा पातळ्यांमधला फरक, एवढे तीन आकडे कागदावर मांडून मगच आगाऊ रक्कम भरावी.